शेवटचं सावधान

नरसी गावच्या किसनरावांकडून लेकीच्या लग्नात मंगलाष्टकं म्हणायचं बोलावणं आलं, तेव्हा मंजुळाबाईंनी आधी हो म्हटलं आणि मग विचारलं, "वाजवायला कोण हाय?"

"खाजा मियाचा बँड," निरोप्या म्हणाला.

बाईंनी हो परत घेतलं.

हिंगोलीत ही दोघं एकाच बाजारात भाजी घेत, एकाच शिंप्याकडे कपडे टाकत, आणि सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हती. त्याआधी बारा वर्षं दोघं एकाच नाटक कंपनीत होती. बाई वर रंगमंचावर गात, आणि खाजा मिया खाली, रंगमंचापुढच्या खड्ड्यात बसून सगळी वाद्यं चालवत. डावा हात ऑर्गनवर, उजव्या हातात वेताची छडी. छडी वर गेली की सारंगी-तबला श्वास रोखून थांबत, खाली आली की सुरू होत. सगळे त्यांना मास्तर म्हणत.

कंपनीचा शेवटचा खेळ हिंगोलीतच, जिनिंगच्या पत्र्याच्या शेडात झाला. बोलपटानं माणसं ओढून नेली होती. समोर जेमतेम चाळीस डोकी. तरी बाई शेवटच्या पदात जीव ओतून गात होत्या. त्या वरच्या षड्जावर चढत होत्या, तेवढ्यात मास्तरांनी छडी खाली आणली आणि पुढच्या प्रवेशाची वाद्यं सुरू करून दिली. पद तुटलं. दुसऱ्या दिवशी कंपनीही तुटली. नटमंडळी आपापल्या घरी गेली. बाईंना जायला घर नव्हतं, म्हणून पद जिथं तुटलं त्याच गावात त्या राहिल्या. मिया मूळचे हिंगोलीचेच. बायको केव्हाच गेलेली, लेक निजामाबादेला दिलेली. त्यांनी लग्नाचा बँड काढला.

बाईंची आता एकच इच्छा उरली होती. एकदा तरी चार माणसांपुढं, कुणी मध्ये न तोडता, शेवटच्या सुरापर्यंत गायचं. दोन दिवस त्यांनी चुलीपुढं बसून विचार केला आणि तिसऱ्या दिवशी निरोप धाडला, "येते म्हणावं."

लग्नाच्या सकाळी मांडवात दोघं समोरासमोर आली. मध्ये कंपनीतला जुना तबलजी, आता बँडचा ढोलवाला, धर्मसिंग उभा होता. बाई रंगमंचावर शुद्ध बोलत, खाली उतरल्या की मात्र बोलीनं पक्क्या वसमतकरीण.

"धर्मसिंग, यांना सांग, माझं म्हणणं संपेस्तोवर काठी हलवायची न्हाई."

धर्मसिंगनं मान वळवली. "मास्तर, बाई म्हणतेत की..."

"ऐकलं. बहिरा न्हाई मी. त्यांना इचार, संपलं हे मला कळावं कसं? भटजीचं 'सावधान' झालं की वाजवायचं, हाच दस्तूर हाय."

"म्हणावं, मंगलाष्टकं भटजी न्हाई, मी म्हणून राहिले. माझं संपलं की मी उजवा हात वर करीन. हात वर, मंग काठी खाली."

"आन हात वर न्हाई झाला तर?"

"तर वाजवायचं न्हाई!"

"वादा?"

"वादा!"

सहा वर्षांत त्यांचं एवढं बोलणं झालं नव्हतं. धर्मसिंगची मान दुखायला लागली होती.

मुहूर्त अकराच्या सुमाराचा. घंगाळातल्या पाण्यावर भटजींची भोकाची वाटी तरंगत होती. ती बुडली की वेळ भरली. अंतरपाट धरला गेला, नवरा-नवरी दोन बाजूंना उभी राहिली, बाईंनी सूर लावला. मांडव चिडीचूप झाला. आणि पहिल्याच कडव्याच्या पहिल्याच तानेला बाईंचा उजवा हात आपसूक वर गेला. रंगमंचावर बारा वर्षं जात होता, तसाच.

मास्तरांची छडी खाली आली. बँड कडाडला. बँड वाजला म्हणजे लग्न लागलं, हे पोरासोरांनाही ठाऊक. चारी बाजूंनी अक्षता पडल्या. अंतरपाट धरणाऱ्यांनी तो सोडून दिला. नवऱ्यानं नवरीकडं पाहिलं, नवरी फिसकन हसली.

"अहो, वाटी बुडाली नाही!" भटजी ओरडले. "पाव घटका आहे अजून! धरा, धरा तो पडदा!"

"मिया, हे काय लावलं?" किसनराव धावत आले.

"हात वर झाला, मालक. मी शब्दाचा पक्का."

"कवा झाला वर?" बाई म्हणाल्या. "धर्मसिंग, झाला व्हता का रं?"

"झाला व्हता, बाई," धर्मसिंग जमिनीकडं बघत म्हणाला.

अक्षता संपल्या होत्या. मांडवभर माणसं वाकून पायाखालचे तांदूळ वेचू लागली. नवरीची आत्या द्वारकाबाई मात्र बोलण्यापेक्षा करण्यातली. तिनं औक्षणाचं ताट, पेटत्या निरांजनासकट, बाईंच्या दोन्ही हातांत दिलं.

"धरा हे. आता कसा जातो हात वर, बघते मी. आन खाली ठेवू नगा. इझलं तर अपशकून व्हईल. माझ्याबिगर कुणाच्या हाती देऊ नगा." एवढं बजावून ती ओटीचं सामान काढायला घरात गेली.

बाईंनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी सगळं बराबर चाललं. आठवं कडवं आलं, वाटी बुडाली, भटजींनी "सावधान" म्हणून घेतलं, अक्षता पडल्या, माळा पडल्या. सगळ्यांनी मास्तरांकडं पाहिलं.

मास्तर बाईंच्या हातांकडं बघत होते. हातांत ताट होतं.

"वाजवा की!" किसनराव म्हणाले.

"हात."

"अवो, बाईच्या हातात ताट हाय!"

"ते मला काहून सांगता? एकदा चुकलो, मालक, आता न्हाई चुकणार."

"आक्का! आक्का कुठं हाय? ताट घ्या म्हणावं!" माणसं द्वारकाबाईला शोधायला पळाली. नवऱ्याकडची मंडळी कुजबुजू लागली, "बिनवाजंत्रीचं लगीन म्हणायचं का हे?"

इकडं बाईंचं शेवटचं "सावधान" अजून चालूच होतं. वाजत काही नाही, तोडत कुणी नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांचं मन भरून आलं. सहा वर्षं ज्याची वाट पाहिली तो क्षण हाच. त्यांनी डोळे मिटले. एक तान घेतली, दुसरी घेतली. कुजबुज थांबली. माणसं जिथल्या तिथं उभी राहिली. मग त्या पायरीपायरीनं चढत वरच्या षड्जाशी पोचल्या.

आणि आवाज फुटला. शिळ्या भाकरीसारखा मधोमध फुटला. खाली ऑर्गन नव्हता, सारंगी नव्हती, झाकायला काहीच नव्हतं. पार मांडवाबाहेर बांधलेल्या बैलांपर्यंत तो फुटका सूर गेला.

बाईंनी डोळे उघडले. समोर मास्तरांची छडी अर्धी उचललेली होती, हातून निसटणारं काही झेलायला माणूस हात पुढं करतो तशी. मग दिलेला शब्द आठवला असावा. छडी तिथंच थांबली. ते तसं उचलणं बाई ओळखत होत्या. जिनिंगच्या शेडात, त्या पदाच्या वेळी, त्यांनी ते एकदा पाहिलं होतं.

"मास्तर," त्या म्हणाल्या. मध्ये धर्मसिंग नव्हता. "वाजवा."

"हात?"

"हात गेला खड्ड्यात! वाजवा हो, मास्तर!"

छडी खाली आली. आठही वाद्यं एकदम कडाडली, आणि फुटका सूर त्यांच्याखाली कुठल्या कुठं दडपून गेला. तेवढ्यात द्वारकाबाई ओटीचं सूप घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "अजून वाजवूनच राहिले का?"

जेवणं झाल्यावर किसनराव स्वतः नारळ-पातळ घेऊन आले. "बाई, शेवटाला तो रडका सूर काय लावला तुमी! लेकीच्या बापाला उभ्या जागी रडवलं."

बाईंनी नारळ-पातळ पिशवीत घातलं.

परतीला एकाच बैलगाडीत बँड आणि बाई. उन्हं उतरत होती. अर्ध्या वाटेवर बाईंनी विचारलं, "मास्तर, त्या दिवशीबी असाच फुटत व्हता का?"

मिया रस्त्याकडं बघत राहिले. "इंचू व्हता, बाई."

"इंचू?"

"खड्ड्यात इंचू निघाला व्हता. घाबरलो, काठी पडली खाली."

बाईंनी धर्मसिंगकडं पाहिलं. तो बैलांच्या शिंगांचा मन लावून अभ्यास करत होता. "धर्मसिंग, तूबी व्हतास खड्ड्यात. केवढा व्हता रं इंचू?"

धर्मसिंगनं एकदा मास्तरांकडं पाहिलं आणि दोन्ही हात ताणून माप दाखवलं. एवढ्या लांबीची घोरपडसुद्धा त्या मुलखात कुणी पाहिली नसेल.

"मोठा व्हता," बाई म्हणाल्या.

"हौ," मिया म्हणाले. "लई मोठा."

हिंगोलीत गाडी थांबली. मिया आपल्या गल्लीला वळले, बाई आपल्या खोलीशी आल्या. दिवा लावला, चूल पेटवली, एका माणसाचं पीठ मळायला घेतलं. सहा वर्षं रोज या वेळी त्या मनातल्या मनात मास्तरांशी भांडत. स्वतः बोलत, त्यांच्या वतीनं उत्तर देत, जिंकत, आणि तोवर भाकरी होत असे. आज भांडायला काही सुचेना. भाकरी थापायला एवढा वेळ लागतो हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. खोलीत एवढी शांतता असते, हेही.

पहिली भाकरी तव्यावर टाकून त्या घटकाभर बसल्या. मग चुलीकडं बघत मोठ्यानं म्हणाल्या, "घोरपडीएवढा इंचू? थापा मारायला लाज कशी न्हाई वाटत, मास्तर?"

आणि भाकरी उलटायची सोडून, उत्तर काय द्यावं याचा विचार करत बसल्या.