कारखानीस मास्तर आणि विहिरीतली म्हैस

आमच्या शाळेतले कारखानीस मास्तर कुठलाही दोर दिसला की आधी बोटाने छेडत, मग कान देऊन ऐकत. मग ती कपडे वाळत घालायची दोरी असो की पनवेल बंदरात लागलेल्या पडावाची. आवाज पसंत पडला नाही की म्हणत, "ताण आहे हो, फार ताण आहे." दोरीला की त्यांना, हे कळत नसे.

ते शास्त्र शिकवत, मी मराठी. कप्प्यांचा धडा त्यांचा फार लाडका. ओझं चार पदरांवर टांगलं की प्रत्येक पदराच्या वाट्याला पाव ओझं, हे सांगताना चेहरा उजळे. पण लगेच धीर सुटे. "हे घर्षण सोडून, बरं का. खऱ्या कप्पीत घर्षण असतं." त्या धास्तीने त्यांनी खरी कप्पी कधी हातात धरली नव्हती. घरच्या विहिरीचं पाणीसुद्धा वाकूनच शेंदत.

एका रविवारी सकाळी शेजारच्या धर्माची गाभण म्हैस कठडा नसलेल्या विहिरीत पडली. धर्माने उडी टाकून तिच्या पोटाखालून गोणपाटाचे पट्टे घातले. वरून सगळी आळी दोर ओढत होती, पण म्हैस हलेना, आणि पाण्यात ती दमत चालली होती. तेव्हा धर्माची बायको पोशीबाय मास्तरांच्या दारात आली. "मास्तर, तुमी पोरांना वजन उचलाया शिकवता ना? मंग चला."

मास्तर पांढरेफटक पडले आणि अनवाणीच निघाले. बंदरावरून हसन तांडेल पडावाच्या दोन जोडकप्प्या आणि नवा दोर घेऊन आले. विहिरीवर जाड वाशांची तिकटी उभी राहिली. मास्तरांनी दोर ओवला, सोडला, पुन्हा ओवला.

ओढायला सुरुवात झाली. दोर हातोहात येत होता, चांगला चार-पाच हात ओढून झाला, आणि म्हैस वर आली ती जेमतेम हातभर. लोक कुरकुरू लागले. मास्तर काकुळतीने समजावत होते की जोर कमी लागतो म्हणून दोर चौपट ओढावा लागतो, फुकट काहीच मिळत नाही.

अर्ध्यावर कप्पी करकरली आणि अडली. वासा वाकला. खाली धर्मा म्हशीच्या अगदी पोटाखाली होता. कोणीतरी म्हणालं, एक हिसका देऊ. एरवी वर्गातही न ओरडणारे मास्तर धावत जाऊन दोराला बिलगले.

"हिसका दिलात तर ताण दुप्पट होईल. तुटेल. खाली माणूस आहे."

सगळे थांबले. हसन तांडेलांनी कप्पीत तेल सोडलं. मास्तर दोर छेडून ऐकत राहिले, मग मानेनेच खूण केली. हळूहळू, फार हळूहळू, म्हैस काठावर आली आणि थरथरत उभी राहिली. पोशीबाय तिच्या गळ्यात पडून रडली.

म्हशीला घेऊन सगळे गोठ्याकडे गेले. मास्तर दोराचं टोक धरून तिथेच बसलेले. बोटं उघडत नव्हती. मी एकेक सोडवली आणि म्हटलं, चला घरी, चहा घ्या, पडा जरा.

"बसू या थोडं," ते म्हणाले. "घरी जाऊन हे सांगू कोणाला?"

मी शेजारी टेकलो. मग पोशीबाय दारात आली तिथपासून त्यांनी मला सगळं सांगायला घेतलं, जणू मी तिथे नव्हतोच. मीही मधे मधे विचारत राहिलो, "मग?"