मार्रितच्या शिकवणीला बसलो मी

माणूस ओळखण्यात मी चुकत नाही! हार्लिंगेनच्या बंदरातला पूल मी उघडतो आणि मिटतो. लांबून बोट येताना दिसली, की सुकाणूवरचा गडी सरळ जाणार की खांबाला घासणार, हे मला त्याच्या नुसत्या उभं राहण्यावरून कळतं. तेव्हा आमच्या पोरीसाठी, मार्रितसाठी, गणिताची शिकवणी लावायची ठरली, त्या दिवशी मी बायकोला बजावलं, "हिल्के, तू यात पडू नकोस. आठवड्याभरात माणूस आणतो."

आणला! येल्मर त्याचं नाव, विद्यापीठात शिकणारा, चांगला उंचापुरा. त्यानं कॉफी घेतली, कॉफीबरोबरचं एक बिस्किट घेतलं, मार्रितला चार गणितं घातली आणि वही मिटून तिच्या तोंडावर म्हणाला, "तुला हे जमणार नाही. वाईट वाटून घेऊ नकोस हं, मी आपलं खरं ते सांगतो."

आमच्याकडे सगळ्यांना खरं ते सांगायची भारी हौस. केस कापून घरी यावं, तर शेजारी कुंपणावरून ओरडणार, "आधीचं बरं होतं की!" मीही त्यातलाच. पण त्या दिवशी मार्रित उठली, जिना चढून गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

गेल्या वर्षी शाळेच्या शेवटच्या परीक्षेत ती गणितात नापास झाली होती. यंदा पुन्हा बसायची होती. तिला लहानपणापासून जहाजावर जायचं आहे. समोरच्या बेटावर जहाजाचे अधिकारी घडवणारी शाळा आहे, आणि गणित सुटल्याशिवाय तिथं कुणी दारात उभं करत नाही. संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, "बाबा, मी मठ्ठ आहे. सगळ्यांना ठाऊक आहे, तूच तेवढा मान्य करत नाहीस." रडली नाही, चिडली नाही. हवेबद्दल बोलावं तसं बोलली. मलाच रडू आलं.

दुसऱ्या दिवशी मी जाहीर केलं, "यापुढे कुणीही आलं, की आधी विद्यार्थी म्हणून मी बसणार. मला जो सांभाळून घेईल, तोच पोरीला सांभाळेल."

"तुझं गणित माहीत आहे ना तुला?" हिल्के म्हणाली. "आपल्या लग्नात खुर्च्या तू मोजल्या होत्यास. माझे वडील उभे होते!"

"म्हणून तर!"

पुढचे आले ते एक निवृत्त इंजिनिअर. त्यांनी माझं उत्तर बराच वेळ न्याहाळलं. चष्मा पुसून पुन्हा न्याहाळलं.

"आपण काय करता?"

"पूल चालवतो."

"कुठला?"

मी सांगितलं. घरी जाताना ते लांबच्या वाटेनं गेले. मी खिडकीतून डोळ्यांनी पाहिलं!

मग आल्या हुक्स्ट्राबाई. पूर्वी दुसऱ्या गावच्या शाळेत गणित शिकवायच्या, नवरा वारल्यावर इकडे राहायला आलेल्या. ओला रेनकोट दाराशी अडकवून त्या माझ्यासमोर बसल्या. भिंतीला टेकवलेल्या शिडीचं गणित होतं. मी घाम गाळून उत्तर काढलं. शिडीची लांबी आली उणे चाळीस!

मी डोळे मिटून घेतले. बाई म्हणाल्या, "शाबास. शिडी आहे हे तर तुम्ही बरोबर धरलंत. आता तिला जमिनीच्या वर काढू या."

गणितात मला उभ्या जन्मात कुणी शाबास म्हटलं नव्हतं. मला असं भरून आलं, की शिकायचं पोरीला आहे हे सांगायचं राहूनच गेलं. पुढच्या सोमवारी बाई आल्या, मी पुन्हा बसलो. त्याच्या पुढच्या सोमवारी तर मी भांग पाडून बसलो.

आता आमच्या गावात संध्याकाळी दिवा लागला तरी कुणी पडदा ओढत नाही. घरात लपवण्यासारखं काही नाही, हे रस्त्याला दिसलं पाहिजे ना! त्यामुळे जे दिसायचं ते रस्त्याला दिसलं. शेजारचा डाउवे कुत्रा फिरवता फिरवता खिडकीशी थबकला. सकाळी त्यानं मला गाठलंच.

"काय सीत्से, या वयात शाळेची परीक्षा? पुलाचा कंटाळा आला वाटतं!"

मुलीची शिकवणी आहे, असं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. मार्रितला शिकवणी लागते हे गावभर झालं असतं, तर ती खोलीबाहेर आली नसती. "माणसानं शिकत राहावं," मी म्हणालो.

झालं! दोन दिवसांत बंदरभर झालं. पूल वर जात असला, की खालून बोटवाले ओरडायचे, "सीत्से, कोन किती अंशाचा झाला रे?" मासळीवाली सुटे पैसे परत देताना म्हणायची, "मोजून घ्या, तुमचा अभ्यासच आहे!" मी सगळ्यांकडे बघून मान डोलवायचो. राग यायचा, पण डोलवायचो.

आणि एका सोमवारी मी कंस सोडवत असताना जिन्यावरून आवाज आला, "बाबा! बाहेर उणे आहे! आतलं सगळं उलटं होणार!"

मी वर पाहिलं. मार्रित जिन्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. बाईंनी मान वळवली नाही. म्हणाल्या, "शाबास." पुढच्या वेळी ती खालच्या पायरीवर आली, त्याच्या पुढच्या वेळी टेबलाशी. मग मला म्हणाली, "सरक ना जरा." मी सरकलो, ते सरकतच गेलो. शेवटी माझ्याकडे कॉफी करायचं काम राहिलं.

त्या दिवशी बाईंना सायकलपर्यंत सोडायला गेलो आणि म्हणालो, "बाई, एक सांगायचं होतं. विद्यार्थी मी नव्हतो."

"ठाऊक आहे. पहिल्याच दिवशी जिन्यावर मोजे दिसले होते. तेव्हापासून मी जरा मोठ्यानंच शिकवतेय."

"मग मला शाबास म्हणत होतात ते?"

"ते जिन्यासाठी."

मी त्यांची सायकल धरून उभा होतो. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू!

बघता बघता निकालाचा दिवस आला. मार्रितच्या शाळेची रीत अशी, की नापास झालेल्यांना आधी फोन जातो, दुपारी दोनच्या आत. दोनपर्यंत फोन वाजला नाही, तर पोर सुटलं! पास झालेल्यांना मग सावकाश कळवतात. मी सासूबाईंना, भावाला, पुलावरच्या सोबत्यांना, सगळ्यांना दम भरला होता, "दोनच्या आधी कुणी फोन केलात तर याद राखा!" हुक्स्ट्राबाईंना बजावायची गरज वाटली नाही. जन्म शाळेत गेलेली बाई, तिला काय सांगायचं?

मार्रित सोफ्यावर दप्तर छातीशी धरून बसली होती. हिल्के एकच कपाट पुन्हा पुन्हा पुसत होती. मी खिडकीत उभा होतो.

फोन वाजला! दोन वाजायला अजून अवकाश होता.

मार्रित पांढरीफटक पडली. उठली आणि दप्तरासकट दाराबाहेर. सायकल घेऊन गेलीसुद्धा! मी फोन उचलला.

"अभिनंदन!" हुक्स्ट्राबाई! "झाली ना पास?"

"बाई! ही नापासांची वेळ आहे!"

"अगंबाई! आमच्या शाळेत तर पास झालेल्यांना आधी कळवायचे. मला धीर धरवला नाही हो!"

"ठेवा! फोन ठेवा आधी!"

घरातल्या सपातांनिशी मी सायकल हाणली. ती कुठं गेली असणार हे ठाऊक होतं. समुद्राच्या बांधावर, मेंढ्यांच्या पलीकडे, पाण्याकडे तोंड करून ती बसली होती. मी धापा टाकत चढलो.

"बाबा, रागावू नकोस," ती म्हणाली. "या वेळी मी खरंच अभ्यास केला होता."

"अगं, शाळेचा फोन नव्हताच! बाईंचा होता!"

"माझं मन राखायला सांगतोयस."

जन्मभर तोंडावर खरं बोललो, आणि नेमकं त्या दिवशी पोटच्या पोरीनं विश्वास ठेवला नाही! वाजले किती ते कळायला मार्ग नव्हता. तिचा मोबाइल सोफ्यावर, माझा खिडकीत. मी तिच्या शेजारी बसलो. "पोरी, तू मठ्ठ नाहीस," मी म्हणालो. "नापास झालीस तरी नाहीस. मी शेजारी बसून पाहिलंय." तिनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं.

मग वाऱ्यानं मेंढ्या वळल्या म्हणून आम्हीही वळलो. बांधाखाली आमची आळी दिसते. आमच्या घराच्या खिडकीतून झेंडा बाहेर येत होता. पोर पास झालं, की आमच्याकडे झेंडा लावतात आणि काठीच्या टोकाला त्याचं दप्तर टांगतात. काठी बाहेर आली, आणि टोकाला दप्तर! म्हणजे दोन वाजून गेले होते आणि शाळेचा फोन आलाच नव्हता!

मार्रित ताडकन उठली. "दप्तर तर माझ्याजवळ आहे! ते कुणाचं?"

माझं होतं. पुलावर डबा नेतो ती पिशवी. थर्मासही आतच असणार, काठी वाकली होती.

ती हसायला लागली, हसता हसता हुंदके द्यायला लागली आणि माझ्या गळ्यात पडली. "बाबा, मला जमलं! मला जमलं रे!"

घरी पोचलो तर दारात अख्खी आळी. डाउवे हात पसरून पुढे आला. "सीत्से! मानलं बुवा! या वयात!" मागून मासळीवाली, तिच्यामागे बंदरातले चौघे. सगळ्यांनी माझी पिशवी ओळखली होती!

"अरे, मार्रित पास झाली," हिल्के ओरडून सांगत होती.

"ती पण? मग तिचंही अभिनंदन! आणि तुझंही!" आमच्याकडे अशा दिवशी घरातल्या प्रत्येकाचं अभिनंदन करतात, त्यामुळे उलगडा होणं शक्यच नव्हतं.

मी मार्रितकडे पाहिलं. दप्तर खांद्याला लावून ती फाटकाशी उभी होती, नाक लाल झालेलं. "घे ना बाबा," ती म्हणाली.

मी डाउवेचा हात हातात घेतला. "धन्यवाद," म्हणालो. "फार अवघड गेलं रे."