क्लेमेंटीनबाईंचं मूलाधार चक्र

आमच्या ‘शांतिकिरण’ सोसायटीतल्या विनयाताईंनी २००३ च्या मे महिन्यात रेकीची दुसरी डिग्री घेतली. घरातली माणसं बरी करून संपल्यावर त्यांना रुग्ण कमी पडू लागले. तेव्हा स्टेशनच्या पुलाखाली त्यांना क्लेमेंटीनबाई सापडल्या.

क्लेमेंटीनबाई सुकी मासळी विकत. खाडीकाठचं त्यांचं झोपडं चार महिन्यांपूर्वी पालिकेने ट्रक आणून अतिक्रमण म्हणून पाडलं होतं. तेव्हापासून ट्रकचा आवाज आला की त्या दचकून टोपली छातीशी धरत.

विनयाताईंनी डोळे मिटून तळवे फिरवले. “तुमचं मूलाधार चक्र अस्थिर झालंय.”

“बाय, माजा घर तोडलाय.”

“ते बाह्य कारण. आपण आतून उपचार करतो.”

उपचार एकवीस दिवसांचा. रोज त्याच जागी, शांततेत. तिसऱ्या दिवशी पोलिसांनी बाईंना पुलाखालून हुसकलं, सातव्या दिवशी तिकीट खिडकीमागून. वहीत नोंद झाली : ‘रुग्णाचं सहकार्य नाही.’

मग दूरस्थ उपचार सुरू झाला. बाईंचा फोटो सोसायटीच्या हॉलमध्ये पंख्याखाली, मऊ उशीवर ठेवला. बाई तो बघायला आल्या, तर वॉचमनने अडवलं.

“हॉल फक्त सभासदांना.”

“मंग ती कशी निजलीय?” बाईंनी जाळीतून बोट दाखवलं.

“तो फोटो आहे. फोटोची परवानगी घेतलीय.”

बाई फाटकासमोरच्या फुटपाथवर बसल्या, त्या तिथंच राहिल्या.

एकविसाव्या दिवशी अहवाल आला. हॉलबाहेरून असंख्य ट्रक गेले. फोटो एकदाही दचकला नाही. सबब, रुग्ण पूर्ण बरा. विनयाताईंचा शाल देऊन सत्कार झाला.

तिथंच सेक्रेटरी परेशभाईंनी रास्त मुद्दा काढला. “बरा झालेला माणूस फुटपाथवर दिसला तर उपचाराची बदनामी नाही का?”

सदर महिलेस हलवावे, असा अर्ज लगेच तयार झाला.

मंगळवारी पालिकेची गाडी आली. क्लेमेंटीनबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, “मी बरी झालंय ना? मंग मना कुठं नेतात?”

अर्जावर सही माझीही होती. काय करणार, कागद पेढ्यांच्या ताटाबरोबर फिरत होता. पेढा तोंडात असताना नाही कसं म्हणायचं?

तुम्ही तर दोन उचलले असतेत.