तेवीस नंबरचे पाहुणे

गैबी मुल्लाणीची वडापाची जीप नेसरीहून माणसं भरली की सुटायची. वाटेत कुणी हात केला की थांबायची, आणि आदल्या दिवशी कुणी निरोप धाडला असेल तर डांबरी रस्ता सोडून त्याच्या दारातही जायची. ज्यांना एसटीच्या थांब्यापर्यंत चालवत नव्हतं, अशांचा सगळा प्रवास गैबीच्या भरवशावर होता.

रुद्राणी त्यांपैकीच एक. रस्त्यापासून दीड मैल आत, माळावरच्या वस्तीत ती आईबरोबर राहायची आणि हातानं झबली, टोपडी शिवायची. लहानपणी पोलिओनं पाय गेले होते. लोखंडी पट्ट्या बांधून, काखेत कुबड्या घेऊन ती चालायची, पण उजवा पाय गुडघ्यात वाकत नसे. एक्क्याऐंशी साल होतं. जगभर अपंगांचं वर्ष पाळलं जात होतं, आणि कोल्हापुरातल्या एका मंडळानं तिला शिलाई मशीन मंजूर केलं होतं. पत्रात लिहिलं होतं, अकरा वाजता स्वतः हजर राहावे, अन्यथा मशीन दुसऱ्यास देण्यात येईल. तिनं आठवडाभर आधीच गैबीला निरोप दिला होता.

वाटपाच्या समारंभादिवशी, त्याच जीपमध्ये, पुढच्या सीटवर बाळासो बसले होते. ते तालुक्यातले पुढारी. त्याच समारंभाला प्रमुख पाहुणे म्हणून निघाले होते, आणि त्यासाठी त्यांनी परीटघडीचं धोतर नेसून वर नेहरूशर्ट घातला होता. गैबीनं जीप माळाकडं वळवली तेव्हा त्यांनी विचारलं, एका बाईसाठी अकरा माणसांचा खोळंबा कशापायी? वस्तीवर जीप थांबवून गैबी खाली उतरला आणि त्यानं बाळासोंच्या बाजूला येऊन सांगितलं, "तुमी मागं बसा. आक्काचा पाय वाकत न्हाय. तिला मागं चढता येत न्हाय."

"मी प्रमुख पाव्हणा हाय," बाळासो म्हणाले.

"व्हय. पर तुमचा पाय वाकतोय की."

रुद्राणी कुबड्यांवर उभी होती आणि तिला जीपपर्यंत सोडायला आलेली आई चन्नम्मा तिचा डबा हातात धरून कधी या तोंडाकडं, कधी त्या तोंडाकडं बघत होती. बाळासो उतरले. मागं सीटवर जागा नव्हती. गडहिंग्लजच्या एका व्यापाऱ्याची मिरचीची दोन पोती मधे टाकलेली होती. त्यांवर, बाकीच्यांच्या गुडघ्यांमध्ये पाय मुडपून ते बसले.

तीन तासांचा रस्ता. पहिल्या तासात त्यांना शिंका सुरू झाल्या, दुसऱ्यात डोळे सुजले आणि तिसऱ्यात कमरेखाली पाय आहेत की नाहीत तेही कळेना. कोल्हापुरात सभागृहापुढं जीप थांबली तेव्हा त्यांना उतरता येईना. गैबीनं त्यांना काखेत हात घालून खाली घेतलं. पाय जमिनीला टेकले आणि दुमडले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, शर्टाला लाल पूड लागली होती.

दारातला स्वयंसेवक धावत आला. त्यानं गैबीला विचारलं, "ह्यांना कधीपासून हाय हे?"

"तीन तास झालं," गैबी खरं तेच बोलला.

बाळासोंनी आपण कोण ते सांगायचा प्रयत्न केला, पण मधेच शिंक आली. स्वयंसेवकानं मायेनं त्यांची पाठ चोळली, छातीवर तेवीस नंबरचा बिल्ला लावला आणि त्यांना पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसवलं. शेजारी बावीस नंबरची रुद्राणी होती, आणि तिच्यामागं तिचा डबा घेऊन गैबी उभा होता.

व्यासपीठावरून जाहीर झालं की प्रमुख पाहुणे येताहेत, तोवर वाटप सुरू करू. बाळासोंनी हात वर केला. स्वयंसेवकानं तो हळूच खाली केला. "दमानं, पावणं. तुमचा बी नंबर येनार हाय."

"हा माझं ऐकत का न्हाय?" बाळासोंनी रुद्राणीला विचारलं.

"बिल्ला लागला की ऐकत न्हाईत," ती म्हणाली. "संग आलेल्याला इचारत्यात."

तीन तासांत बाळासोंनीही तिला एक शब्द विचारला नव्हता.

बावीस नंबर पुकारला गेला. व्यासपीठाला सहा उंच पायऱ्या होत्या आणि धरायला कठडा नव्हता. रुद्राणी बसूनच राहिली. स्वयंसेवकानं व्यासपीठावरच्यांना विचारून घेतलं आणि गैबीला म्हणाला, "ह्यांच्या वतीनं तुमी वर जाऊन घ्या."

"तिला इचार," बाळासो म्हणाले. आवाज मोठा होता आणि या वेळी शिंक आली नाही. वर अध्यक्षांनी तो ओळखला. ते माइकवरूनच म्हणाले, "बाळासो, तुम्ही तिथं कसे? वर या."

"येतो. आधी ह्या बाईला इचारा, तिला कसं पाहिजे."

चौघे जण रुद्राणीची खुर्ची उचलायला पुढं झाले. तिनं हातानंच त्यांना थांबवलं. मशीन हातचं जाईल असं तिला वाटत होतं. तरी ती बोलली.

"मला उचलायचं न्हाय. तुमीच खाली या."

मग अध्यक्ष उठले. अध्यक्ष उतरले म्हणून चिटणीस उतरले, आणि मागोमाग हार घातलेले सहा मान्यवरही. खाली एकही खुर्ची रिकामी नव्हती, म्हणून सगळे उभे राहिले. माइकची वायर खालपर्यंत पुरली नाही. माइकशिवाय आणि उभ्यानं भाषण करायला कुणी तयार झालं नाही. तीन तासांचा कार्यक्रम चाळीस मिनिटांत आटोपला.

लोक उठू लागले. मशीन रुद्राणीच्या पुढ्यात होतं. तिनं त्याच्या चाकावरून एकदा हात फिरवला आणि बाळासोंना विचारलं, "पाय आलं का ठिकाणावर?"

बाळासो उभे राहिले, दोन्ही पायांवर भार टाकून बघितला. "आलं."

"मग एवढं जीपपातूर न्या की."

गैबी पुढं होणार होता, पण बाळासोंनी मशीन खांद्यावर घेतलंसुद्धा. अध्यक्ष त्यांच्यासाठी हार घेऊन उभे होते. त्यांना वाट सोडून बाजूला व्हावं लागलं. छातीवरचा तेवीस नंबर काढायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

रुद्राणी त्यांच्या मागून आपल्या चालीनं निघाली. दारापाशी बाळासो थांबले. त्यांना वाटलं, ती मागं पडली असेल.

"चला की," ती म्हणाली, "मी येतोय."