सहा खिसे

हुकूम काढणारे साहेब, खरे गुन्हेगार तुम्हीच! 'महिला दिनाला सर्व महिला कर्मचाऱ्यांनी जांभळी नऊवारी नेसावी, पर्स आणू नये, फोटो खराब येतो,' असं लिहिताना तुमचा हात जरासुद्धा अडखळला नाही. निस्तरावं लागलं ते रेणुकाला.

रेणुका जिंतूरच्या त्या कचेरीत कारकून. बायकांच्या संडासाची चावी तिच्याकडं. कुलूप नसलं की पुरुष मंडळी तिथंही तंबाखू थुंकून जात, म्हणून कुलूप. चावी रोज कुर्त्याच्या खिशात असायची. शिंप्याशी भांडून लावून घेतलेला खिसा होता तो. आज अंगात शिवलेली तयार नऊवारी. तिला खिसा नाही, आणि कमरेला खोचावं तर नुसतं इलॅस्टिक. सकाळी महिला दिनाच्या फेरीत चावी तीनदा पायातून घसरून रस्त्यावर पडली.

"आणा इकडं," साहेब हसले. "तुमा बायकांना एक चावी सांभाळता येईना, अन् म्हणं समानता!"

चावी पँटीच्या खिशात टाकून ते भाषणाला उभे राहिले. विषय : स्त्रीमुक्ती आणि पेहरावाचं स्वातंत्र्य.

तास उलटला. सातपासून नटलेल्या अठरा बायका खुर्च्यांत चुळबुळत होत्या.

"रेणुका, माझ्यानं न्हाई ऱ्हावत आता," शिपाई छबूबाई कुजबुजल्या.

"दम धरा मावशी. संपवतीलच."

"कशाचं संपवतंय! ह्यो बाबा अजून वेदकाळातच हिंडायलाय."

रेणुकाने चिठ्ठी पाठवली : 'सर, चावी.' साहेबांनी ती न वाचताच शर्टाच्या खिशात सारली. शर्टाला दोन, पँटीला चार. सहा खिसे लेवून माणूस बायकांना स्वातंत्र्य शिकवत होता! शेवटी रेणुका उभी राहिली आणि रिकाम्या मुठीनं हवेतच चावी फिरवून दाखवू लागली.

"बघा, आमच्या भगिनी कशा पेटून उठायल्यात!" साहेब गरजले.

पेटल्या त्या छबूबाई. त्यांनी टेबलावरचं 'नारीशक्ती' कोरलेलं पितळी सन्मानचिन्ह उचललं, बाहेर गेल्या आणि तीन घावांत कुलूप तोडलं. मागं सतरा नऊवाऱ्या धावल्या. सभागृहात उरले साहेब आणि फोटोवाला.

दुसऱ्या दिवशी रेणुकाच्या टेबलावर कारणे दाखवा नोटीस : चावी आपल्या ताब्यात असताना शासकीय कुलूप का तुटले?

"माझं नाव लिव," छबूबाई म्हणाल्या. "मीच तोडलंय."

"तुमचं कशाला, मावशी? ज्याचं हाय त्याचंच लिवते."

तिने लिहिलं : 'चावी आपल्याच राखाडी पँटीच्या उजव्या खिशात आहे. आम्ही काय घालायचं ते आपण ठरवलंत. मग आम्ही चावी कुठं ठेवायची, हे का नाही ठरवलंत? तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.'