समजा, एक लांडगा निघाला

एका जंगलात सशांची शाळा होती, मुलांनो. तिथे साळिंदर गुरुजी शिकवायचे. अंगभर काटे असल्यामुळे गुरुजींना जन्मात कधी कुणापासून पळावे लागले नव्हते. म्हणून वेग, वेळ आणि अंतर हा विषय त्यांच्याकडेच दिला होता.

गुरुजींचा नियम कडक. आधी 'समजा, क्ष' लिहायचे. मग सूत्र, मग पायऱ्या, मग उत्तर आणि शेवटी एकक. नुसते उत्तर लिहिले की भोपळा.

ठकी ही वर्गातली सर्वांत हुशार पोर. तिची आई भागूबाई रोज वर्गाबाहेर बसून राहायची. लेक पहिली आली तर सिंहाच्या दरबारात चिकटेल, एवढीच तिची आशा. मागच्या खेपेला ठकीचा अर्धा गुण गेला, तेव्हा आईच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

एकदा ऐन परीक्षेत टिटवी ओरडत आली. "पळा रे पळा! लांडगा टेकडीवरून सुटलाय, इकडेच येतोय!"

गुरुजी खूश झाले. "वा! टेकडी एक कोसावर. लांडग्याचा वेग ताशी वीस कोस. तर तो इथे किती वेळात पोचेल? लिहा. गुण पाच."

"अहो, गणित कसलं घालताय? पोरांना पळायला सांगा!" टिटवी किंचाळली.

"परीक्षेत बोलायचं नाही," गुरुजी म्हणाले.

वर्गात धोंडू नावाचा एक ढ ससा होता. त्याला काही केल्या क्ष मानता येत नसे. त्याने पाटी टाकली आणि धूम ठोकली. त्याच्यामागून बाकीचे ढही गेले.

भागूबाई धावत वर्गात शिरली. "ठके, ऊठ! चल आधी!"

"आई, थांब ना गं! सूत्र झालंय, पायऱ्याच राहिल्यात."

आई घुटमळली. समोर धूळ उडताना दिसत होती. पण तिला दरबारही दिसत होता.

"बरं, लिही," ती म्हणाली. "पण एकही पायरी सोडू नकोस हं."

ठकीने एकही सोडली नाही. तिने 'क्ष = तीन' लिहिले आणि लांडगा पोचला. आई कशीबशी बिळात शिरली. ठकीची पाटी तेवढी मागे राहिली.

गुरुजी काटे फुलवून जागीच बसले होते. त्यांनी घड्याळ पाहिले. "बरोब्बर तीन मिनिटं. ताळा जुळला."

निकाल लागला. धोंडू धडधाकट होता, पण पायऱ्या न दाखवल्यामुळे नापास. ठकीला पाचापैकी साडेचार.

संध्याकाळी भागूबाई ती पाटी छातीशी धरून गुरुजींच्या दारात आली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. आता ही चार शब्द सुनावणार, असे वाटून गुरुजींनी काटे उभे केले.

"गुरुजी," ती हुंदका आवरत म्हणाली, "पोर 'मिनिटे' लिहिणारच होती हो. तिला वेळच मिळाला नाही. तेवढा अर्धा गुण द्या ना."

तात्पर्य, मुलांनो, नीट उतरवून घ्या: लांडगा आला की आधी क्ष मानावा. जे पळतात ते जन्मभर नापास राहतात, आणि त्यांचा जन्मही फार लांबतो.