गप्प बसू नये

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका बियाणे कारखान्यात श्रीपतराव हे निवड विभागाचे पर्यवेक्षक होते. निवड विभाग म्हणजे पत्र्याचे एक लांबलचक दालन, त्यात सुपे घेऊन ओळीने बसलेल्या बाया आणि त्यांच्यासमोर उंच स्टुलावर श्रीपतराव. बायांनी सुपातील फुटके व किडके दाणे वेचून काढावेत आणि श्रीपतरावांनी बायांना गप्प बसवावे, अशी कामाची शास्त्रशुद्ध विभागणी होती. भिंतीवर ‘बोलू नये’ अशी पाटी होती. ती श्रीपतरावांनी स्वहस्ते रंगविली होती, आणि त्यांच्या सेवाकाळातील डोळ्यांना दिसेल असे तेच एक कार्य होते.

अशा स्थितीत कारखान्याचे मालक अण्णासाहेब मुंबईस एक औद्योगिक प्रदर्शन पाहून आले. ज्या कारखान्यात माणसाचे हात दिसतात त्यास भविष्य नाही, असे तेथील एका वक्त्याने सांगितले होते. अण्णासाहेबांनी परत येताच आपल्या कारखान्यात पाहिले, तर सर्वत्र हातच हात. त्यांनी तत्काळ पुण्याहून डॉ. नरहर टोळे नामक यंत्रतज्ज्ञास पाचारण केले.

यंत्र आले म्हणजे बाया जाणार हे श्रीपतरावांना उमगले होते. त्याचे दुःख त्यांना माफक होते. परंतु बायाच नसतील तर गप्प कोणास बसवायचे, आणि कोणासच गप्प बसवायचे नसेल तर स्टुलावर बसायचे कशाला, या प्रश्नाने त्यांची झोप उडाली.

डॉक्टर येणार हे कळताच ओळीतल्या साळूबाईंनी आपला दुखरा गुडघा पुढे केला. तो दृष्टिआड करून डॉ. टोळे यांनी खिशातून स्टॉपवॉच काढले आणि निरीक्षणास आरंभ केला. श्रीपतरावांनी दालनात अशी शांतता राखली की पत्र्यावरून चालणाऱ्या चिमणीची पावले ऐकू यावीत. बायांचे हात मात्र झोपाळल्यागत चालू लागले. काही वेळाने श्रीपतराव चहास गेले. लगोलग द्वारकाबाई शेजारणीच्या कानाशी लागल्या. द्वारकाबाई म्हणजे त्या ओळीतील सर्वांत जुन्या.

“आगं, वरच्या आळीतली ती नवी सून. सासू म्हनं कुलूप लावून राह्यली डब्याला.”

“डब्याला? कशाच्या डब्याला?”

“साखरेच्या. अन् किल्ली कुठं ठिवती, ठाव हाय का?”

किल्लीचे ठिकाण कळेपर्यंत बायांच्या हातांनी असा वेग धरला की डॉ. टोळे यांच्या हातून स्टॉपवॉच निसटले. त्यांनी आठवडाभर सखोल अभ्यास केला. हवापाण्याच्या गोष्टी निघाल्या की हात संथ चालत. भाजीच्या भावावर बरे चालत. आणि कोणाच्या घरातली आतली गोष्ट निघाली की हात दिसेनासे होत. सबब, हस्तगती ही संभाषणातील खाजगीपणाच्या सम प्रमाणात असते, असा नियम त्यांनी मांडला.

या नियमावरून कोणीही बायांना बोलू दिले असते. परंतु यंत्र घेण्याचे अगोदरच ठरले होते, त्यामुळे संशोधनास योग्य निष्कर्षाकडे वळणे भाग पडले. डॉ. टोळे यांनी शिफारस केली की, यंत्र असे बनवावे जे संभाषणावर चालेल.

दसऱ्यास ते यंत्र आले. त्यास लोखंडी बोटे होती आणि ऐकण्यासाठी लग्नातल्या भोंग्याएवढा पितळी कर्णा होता. उद्घाटनास मान्यवर आले. एका मान्यवरांनी उद्योगाच्या उज्ज्वल भवितव्यावर भाषण केले. यंत्र हलले नाही. दुसऱ्यांनी स्वयंचलनाचे युग वर्णिले. बोट वाकले नाही. डॉ. टोळे स्वतः कर्ण्यात तोंड घालून बोलले, तेव्हा यंत्रातून केवळ एक उसासा आला. मागे उभ्या असलेल्या द्वारकाबाई साळूबाईंना हळूच म्हणाल्या, “अण्णासायबाचे केस बघितले का? पोळ्यापर्यंत तर डोक्यावर समदं मैदान व्हतं.”

यंत्राने अशी उसळी घेतली की पूजेचा नारळ मान्यवरांच्या मांडीत जाऊन पडला. टाळ्यांचा कडकडाट झाला. अण्णासाहेबांनी टाळ्या वाजविल्या नाहीत. त्यांचे दोन्ही हात डोक्यावर होते.

अशा रीतीने बाया राहिल्या. मात्र आता त्यांनी सुपे ठेवून कर्ण्याभोवती बसायचे आणि बोलायचे, असे ठरले. श्रीपतरावांचे स्टूलही राहिले. त्यांनी जुनी पाटी उतरवून तीवर ‘गप्प बसू नये’ असे रंगविले आणि ते दिवसभर ओळीमागे फिरू लागले. “चांगुणाबाई, तोंड का बंद? बोला, बोला! कामाची वेळ आहे.”

चांगुणाबाई म्हणत, “सायेब, सकाळपून बोलून राह्यले. घशाला कोरड पडली. जरा गप बसू द्या की, चहा होईस्तोर.”

बोलणे हे काम झाल्यापासून विश्रांती म्हणजे मौन, हे ओघानेच आले.

यंत्राच्या सहवासाने श्रीपतरावांच्या ठायीही शास्त्रीय दृष्टी जागृत झाली. त्यांनी एक स्टॉपवॉच विकत घेतले. होळीच्या सुमारास मात्र त्यांचा डबा येईनासा झाला. द्वारकाबाईंनी विचारले, “सायेब, डबा न्हाई आनला?”

“उपवास आहे,” श्रीपतराव म्हणाले.

“कशाचा?”

“निरंतर.”

त्यांना जुन्या जालन्यातील एका खानावळीत मान खाली घालून जेवताना कित्येकांनी पाहिले होते. पण एवढ्यावरून यंत्र दोन बोटांपलीकडे हलले नाही.

उन्हाळा लागला तसा खरा पेच उभा राहिला. एकदा ऐकलेली गोष्ट यंत्र दुसऱ्यांदा मानत नसे. आळीतील सर्व सुना संपल्या. डॉ. टोळे यांनी बायांच्या गप्पांची कॅसेट लावून पाहिली. पहिल्यांदा यंत्र चालले, दुसऱ्यांदा रेंगाळले आणि तिसऱ्यांदा त्यातून जांभईसारखा आवाज आला. तेव्हा बायांना कंपनीच्या जीपमधून टेंभुर्णीच्या एका लग्नास पाठविण्यात आले. प्रवासाचे कारण ‘कच्चा माल आणणे’ असे दाखविले होते. लग्न दुर्दैवाने कोणीही न रुसता पार पडले.

पेरणी तोंडावर आली होती. बियाण्याचा ट्रक दारात उभा होता आणि अर्धा रिकामा होता. अण्णासाहेब दालनात आले. त्यांनी टोपी घातली होती.

“श्रीपतराव, उद्या सांजेपर्यंत ट्रक भरला पाहिजे. न्हाई तर तुमच्या स्टुलावर मी टेपरेकॉर्डर ठेवीन. तो निदान बटन दाबल्यावर बोलतो.”

दुसऱ्या दिवशी दुपार टळली तरी यंत्र निश्चल होते. बाया कर्ण्याकडे बघत बसल्या होत्या. साळूबाईंनी आपला गुडघासुद्धा सांगून पाहिला. श्रीपतरावांनी एकवार स्टुलाकडे पाहिले, एकवार पाटीकडे पाहिले आणि घसा खाकरला.

“उमा माहेरी गेली आहे.”

यंत्राने अंग झटकले.

“म्हंजे वहिनी? केदारखेड्याला? कवा?” द्वारकाबाई सरसावून बसल्या.

“होळीला.”

“अगं बाई! अन् हे उपास सांगत व्हते! काऊन गेल्या?”

“मी स्वयंपाकघरात स्टॉपवॉच घेऊन उभा राहिलो. म्हणालो, भाकरी थापताना तुझ्या डाव्या हाताच्या हालचाली निरर्थक आहेत.”

लोखंडी बोटे दिसेनाशी झाली. पोती भरू लागली.

“मंग? वहिनी काय म्हनल्या?”

“काही नाही. परात माझ्या हातात दिली. म्हणाली, मग घ्या, तुम्ही उजव्याच हातानं थापा. आणि पिशवी भरली.”

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. “मंग थापली का न्हाई? सायेब, खरं सांगा!”

“थापली. तव्यावर गेली ती अर्धीच.”

दाणे पावसासारखे पडत होते. हमालांची धावपळ उडाली. थोडीच पोती उरली होती.

“अन् आनायला न्हाई गेलात इतक्या दिसात?” चांगुणाबाईंनी विचारले.

श्रीपतराव कर्ण्याकडे न बघता बोलले, “दर रविवारी जातो. भोकरदनच्या गाडीत बसतो, तिकीट केदारखेड्याचे काढतो. वाटेत राजूर आले की पाय उतरतात. गणपतीच्या पायरीवर बसतो आणि परतीच्या गाडीने येतो. मेव्हण्यांना वाटते मी कामात आहे.”

नियमानुसार या वाक्यावर यंत्र जमिनीवरून उचलले जावयास हवे होते. परंतु पुढे कोणी काही विचारले नाही, आणि यंत्र मंदावत जाऊन थांबले. द्वारकाबाई उठल्या. कोपऱ्यात टाकलेली सुपे त्यांनी ओढून आणली आणि एकेक वाटले. उरलेले दाणे बायांनी हाताने निवडले. एक शब्द न बोलता, आणि झपाट्याने. ट्रक दिवे लावून निघाला.

ही शेवटची पोती डॉ. टोळे यांच्या नियमात बसली नाहीत. त्यांनी ती निरीक्षणातील दोष म्हणून वगळली, आणि नियम अबाधित राहिला.

केदारखेड्यास त्या सांजेच्या गाडीने साळूबाईंची चुलत जाऊ गेली होती, त्यामुळे ही गोष्ट तेथे पोचवायला टपालाची गरज पडली नाही. त्यानंतरच्या रविवारी श्रीपतराव राजूरला उतरले की नाही, हे कोणास ठाऊक नाही. सोमवारी ते आले तेव्हा त्यांच्या हातात डबा होता. फडक्यात बांधलेला, गाठ घट्ट.

“सायेब, कोनी बांधला?” द्वारकाबाईंनी विचारले. “खानावळीचा हाय का केदारखेड्याचा?”

श्रीपतराव स्टुलावर बसले. डबा त्यांनी मांडीवर घेतला. “ते आत्ता सांगायचे नाही. पुढल्या ऑर्डरीसाठी राखून ठेवले आहे.”

“आवं, निदान भाकरी कोन्या हाताची हाय ते तरी सांगा!”

केवळ या प्रश्नावर यंत्र आपोआप गुरगुरू लागले.

डब्यात काय होते हे कळावे म्हणून येथवर वाचणारे सद्गृहस्थ व भगिनी किंचित पुढे सरकल्या असतील. त्यात लाजण्यासारखे काही नाही. यंत्रही तेवढेच पुढे सरकले होते. फरक इतकाच की, त्याच्याकडून तेवढ्या वेळात काही बियाणे तरी निवडून झाले.